अठरावी नळी

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. ते मला कुठे शोधावं लागत नाही. त्याच साली आमच्या घरात एक मूल यायचं होतं, आणि त्याच साली मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत 'माझं चुकलं' असं म्हटलं. दोन्ही गोष्टींचा संबंध तेलाच्या एका डब्याशी होता.

मी आणि मामंजी एकाच ठिकाणी कामाला होतो. विजेचे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्याचा कारखाना होता तो. रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेली, गुणगुणणारी लोखंडी पेटी असते ना, तिच्या पोटात तेल असतं. ते तेल आतल्या तारा थंड ठेवतं आणि विजेला नको तिथे उडी मारू देत नाही. कारखान्यात आलेल्या पेट्यांमधलं जुनं तेल काढायचं, गाळायचं आणि कामाचं असेल तर पुन्हा वापरायचं, हे मामंजींचं खातं. बत्तीस वर्षं त्यांनी ते सांभाळलं. त्यांना सगळे 'नाक' म्हणायचे. पिंपाचं बूच काढून एकदा हुंगलं की तेल किती जुनं आहे, पाणी शिरलंय का, कुठल्या पेटीतलं असेल, हे ते सांगत आणि दहांतल्या नऊ वेळा ते खरं निघे. दहाव्या वेळी पिंपावरचा नंबर चुकलेला असे, असं त्यांचं म्हणणं.

मी त्याच खात्याच्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळा म्हणायची आपली. एक लांब टेबल, एक मोरी, एक उत्तरेकडची खिडकी. माझं काम ठिणगीचं. काचेच्या भांड्यात तेल घ्यायचं, त्यात दोन पितळी गोळे समोरासमोर ठेवायचे आणि विजेचा दाब वाढवत न्यायचा. ठिणगी जितकी उशिरा पडेल तितकं तेल चांगलं. लग्नाआधीपासून मी तिथे होते. मामंजींनी मला सून करून घेतली तेव्हा घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं म्हणे, "चार वर्षांत एक बाटली सांडली नाही पोरीनं. घर काय सांडणार?"

माझ्या ठिणगीवर त्यांचा विश्वास होता, पण त्यांची स्वतःची परीक्षा वेगळी होती. खिडकीच्या काचेवर त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान चिकटवलं होतं. तेल बाटलीत घेऊन त्या पानासमोर धरायचं. ज्या तेलातून बारीक टायपातली बातमी वाचता येते ते पहिल्या प्रतीचं. फक्त मथळा वाचता आला तर दुसऱ्या. मथळाही दिसला नाही तर ते तेल भट्टीला. नितळ ते चांगलं आणि काळपट ते वाईट, हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर होतं. नवीन माणसाला आम्ही तेच आधी शिकवत असू.

आता घरचं सांगते. घरात आम्ही पाच. मामंजी, सासूबाई, माझे यजमान, मी आणि धाकट्या वन्सं. यजमान रस्त्यांची मोजणी करायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आम्हां दोघांना मूल नव्हतं आणि होणार नव्हतं. ते दुःख तोवर जुनं झालं होतं. वन्संचा नवरा जहाजावर होता, म्हणून त्या आमच्याकडे राहत. त्यांना सातवा महिना लागला होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला घरात कोणी मोठ्यानं हसतही नव्हतं, जणू आवाजानं काही निसटून जाईल.

वन्संचे पाय सुजत. रोज संध्याकाळी सासूबाई त्यांना खुर्चीत बसवत, समोर पाटावर बसत आणि निळ्या डब्यातलं तेल घेऊन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चोळत. हा निळा डबा म्हणजे मामंजींची घरासाठीची भेट. कारखान्यातल्या सगळ्यांत नितळ तेलातलं, म्हणजे हिरव्या टाकीतलं, थोडंसं ते घरी आणत. बिजागऱ्यांना तेच, शिलाई मशीनला तेच आणि गुडघ्यांनाही तेच. सासूबाईंचा त्यावर भारी जीव. "विजेचं तेल आहे बाई, अंगात ताकद भरतं," असं त्या सगळ्या गल्लीला सांगत. गल्लीतल्या अकरा घरांत मामंजींनी छोट्या बाटल्या भरून दिल्या होत्या. कोणाला नाही म्हणायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्या वर्षी वरून पत्र आलं. जुनं तेल कारखान्याबाहेर द्यायचं असेल तर आधी त्यात एक विषारी रसायन नाही ना, हे तपासा. पत्रापाठोपाठ एका संस्थेतल्या बाई तीन दिवसांसाठी आल्या. बुटक्या, गोल चष्म्याच्या, हातात पुठ्ठ्याची तीन खोकी. माझ्याच वयाच्या असतील.

त्यांनी पहिल्यांदा टेबलावर बसून आम्हांला गोष्ट सांगितली. पूर्वी काही पेट्यांत साधं तेल न भरता रसायनांच्या कारखान्यात बनवलेला एक द्रव भरत. कारण तो पेट घेत नसे. तशा पेट्या दुरुस्तीला आल्या की तो द्रव आमच्या टाक्यांत मिसळत गेला. एकाच रबरी नळीनं सगळं तेल ओढायचं म्हटल्यावर आणखी काय होणार? "हे रसायन जळत नाही, कुजत नाही, आंबत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून यंत्राला फार आवडतं. आणि म्हणूनच एकदा अंगात गेलं की लवकर निघत नाही. चरबीत घर करून बसतं."

"वास कसा येतो?" मामंजींनी दारातूनच विचारलं. ते आत येऊन बसले नव्हते.

"थोडं असेल तर येतच नाही."

"मग तुम्हांला कसं कळतं?"

"आम्हांलाही नाही कळत. सशाला कळतं."

मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं की, सूनबाई, ही बाई बरी आहे ना?

बाईंनी खोकं उघडलं. आत वीस काचेच्या नळ्या, करंगळीएवढ्या. त्यांनी समजावलं की सशाच्या अंगात एखादी परकी वस्तू टोचली की त्याचं रक्त ती पकडायला प्रतिपिंडं तयार करतं. ती प्रतिपिंडं फक्त त्याच वस्तूला ओळखतात, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. अशी या विषाला ओळखणारी प्रतिपिंडं सशाच्या रक्तातून घेऊन या नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती.

"संगीतखुर्ची खेळलायत ना?" त्या मला म्हणाल्या. "नळीत ठरावीक खुर्च्या आहेत. आपण तेलातलं विष पाण्यासारख्या एका द्रवात काढून घ्यायचं आणि नळीत टाकायचं. मग रंग आणणारे पाहुणे सोडायचे. विष आधीच खुर्च्यांवर बसलेलं असेल तर पाहुण्यांना जागा नाही. नळी धुतली की ते वाहून जातात, रंग येत नाही. तेल स्वच्छ असेल तर खुर्च्या रिकाम्या, पाहुणे बसतात आणि नळी निळीभोर होते."

"सशाला विचारायचं तेल कसं आहे!" मामंजी दारातून म्हणाले. "बत्तीस वर्षं नाक झिजवलं, आता ससा आला साहेब होऊन. गाजराचा भत्ता मिळतो का त्याला?"

"मिळतो. पण ससा खोटं बोलत नाही हो, काका."

"आणि मी बोलतो होय?" असं म्हणून ते निघून गेले. खुर्च्यांची गोष्ट त्यांनी किती ऐकली आणि किती नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. तिथे माझी पहिली चूक झाली.

त्यानंतर अख्ख्या खात्यात त्या 'ससेवाल्या बाई' झाल्या. दोन दिवस आम्ही दोघींनी मिळून काम केलं. तेल मोजायचं, द्रवात हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, ड्रॉपरनं थेंब टाकायचे, धुवायचं, रंगाचे थेंब टाकायचे, दहा मिनिटं थांबायचं. पूर्वी अशी एक बाटली मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली तर उत्तर यायला दीड महिना जायचा. इथे दोन तासांत अठरा पिंपांची उत्तरं समोर उभी राहत. मला त्या नळ्यांचं वेड लागलं. पिंपांवर खडूनं खुणा मात्र त्या स्वतःच करायच्या, चांगल्यावर बरोबरची, वाईटावर फुली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "या तेलात हात घालत असाल तर हातमोजे घालत जा. आणि ज्या बायकांना मूल व्हायचंय त्यांना तर याच्या आसपास फिरकू देऊ नये."

मी हातातला घास ताटात ठेवला. मला निळा डबा दिसला.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा सासूबाई पाटावर बसलेल्याच होत्या. मी म्हटलं, "सासूबाई, दोन दिवस नुसतंच चोळा की, तेल नको."

"का? संपलं?"

"नाही, पण… तपासणी चाललीय कारखान्यात."

"चालू दे की. तीस वर्षं माझ्या गुडघ्यांना लावतेय. मला काय शिंगं फुटली?"

वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, दिवसभरात आईचा हात पायावरून फिरतो तेवढंच एक सुख आहे. तेही काढून घेतेस?"

माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि ज्यांनी डबा आणला ते मामंजी शेजारीच बसून बुटांना पॉलिश करत होते. नुसत्या संशयावर त्यांना काय सांगू? की तुम्ही निवडून आणलेलं तेल मुलीच्या अंगात विष भरतंय? आज वाटतं, सांगायला हवं होतं. एका संध्याकाळचं तेल वाचलं असतं. पण मी एवढंच केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत डब्यातलं चमचाभर तेल घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ससेवाल्या बाईंना परत जावं लागलं. शेवटचं खोकं त्यांनी माझ्यावर सोपवलं. वीस नळ्या. त्यांतल्या दोन तुलनेसाठी, एकीत मुद्दाम विष घातलेलं तेल आणि दुसरीत कोरं नवं तेल. ते कोरं तेल मामंजींनीच आदल्या दिवशी पिंपाचं सील फोडून बाटलीत काढून दिलं होतं. उरल्या अठरा. पिंपं उरली होती सतरा. एक नळी जास्तीची, काही सांडलं-लवंडलं तर असू द्यावी म्हणून. तिच्यावर मी नंबराऐवजी नुसतं 'घ' लिहिलं.

रंगाचे थेंब टाकून झाले आणि शिपाई आला, "बाई, ऑफिसात फोन आहे. ससेवाल्या बाईंचा." ऑफिस आवाराच्या दुसऱ्या टोकाला. मामंजी तेवढ्यात खडू घेऊन आलेच होते, कारण दारात ट्रक उभा होता. चांगली ठरलेली पिंपं एका पंपांच्या कारखान्याला जायची होती. विहिरींत सोडायचे पंप बनवायचे ते, आणि त्यांच्या मोटारींत हे तेल भरलं जायचं.

मी घाईघाईनं म्हटलं, "मामंजी, दहा मिनिटं झाली की प्रत्येकीत या बाटलीतला एक-एक थेंब टाका, म्हणजे रंग तिथेच थांबेल. मग कुठल्या नळीत रंग आलाय, कुठल्या नाही, ते बघा. मी आलेच."

"एवढं तर तुझ्या सशालाही जमेल," ते म्हणाले.

फोनवर लाइन सारखी तुटत होती. बाईंना विचारायचं होतं की सगळं नीट चाललंय ना. मी त्यांना डब्याचं सांगितलं. वन्संचंही. मग त्या म्हणाल्या, "आधी नळी काय सांगते ते बघा. वाईट निघालं तर साबण आणि कोमट पाण्यानं पाय धुवा, पुन्हा पुन्हा धुवा, आणि लावणं आजपासून बंद. जे आत गेलंय त्याची आपण नंतर तपासणी करू. मी तुमच्याबरोबर आहे."

परत यायला मला अर्धा तास लागला. मामंजी टेबलाशी उभे होते आणि खूश होते. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"सूनबाई, सतरांपैकी पाच नितळ निघाली. माझ्या नाकानं सांगितलं होतं तीच पाच! बरोबरची खूण केली आणि चढवलीसुद्धा ट्रकवर. बाकीच्या बारांवर फुल्या. आणि ही बघ, ही 'घ' कुठली गं? सगळ्यांत सुंदर आहे ही." त्यांनी ती नळी उचलून खिडकीवरच्या वर्तमानपत्रासमोर धरली. "बघ, बारीक बातमीसुद्धा वाचता येते."

नळी पाण्यासारखी होती. रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मामंजी, ती घरची आहे. निळ्या डब्यातली."

"मग! म्हटलं नव्हतं?" त्यांचा चेहरा फुलला. "माझ्या घरात मी ऐरंगैरं आणीन होय?"

त्या माणसाला तो आनंद आणखी एक मिनिट लाभू द्यावा असं मला वाटलं, हे कबूल करते. पण बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं.

मी स्टँडमधली पहिली नळी काढली, निळीभोर, जवळजवळ काळी, आणि त्यांच्या हातात दिली. "ही कुठली, ओळखा."

"ही ना? ही तर नासलेली. भट्टीला जाईल."

"हे तुम्ही काल सील फोडून दिलेलं नवं तेल आहे."

ते हसले. मग हसायचे थांबले. नळीवरची चिठ्ठी त्यांनी चष्मा वर करून वाचली. त्यांच्याच अक्षरात होती ती, 'कोरे'. मग मी दुसरी नळी दिली, विषाची. तीही पाण्यासारखी होती. त्यांनी ती 'घ'च्या शेजारी धरली. दोन जुळ्या बहिणी असाव्यात तशा दिसत होत्या.

"रंग आला म्हणजे तेल चांगलं, मामंजी. नितळ ते…"

"पुन्हा कर," ते म्हणाले. "माझ्यासमोर कर."

"नळी नाही उरली."

तिन्ही नळ्या त्यांनी स्टँडमध्ये जागच्या जागी ठेवल्या, अगदी हलक्या हातानं. मी म्हटलं, "माझं चुकलं, मी सांगून जायला हवं होतं. आणि त्या हिरव्या टाकीतल्या तेलावर मीच तर 'उत्तम' लिहीत आलेय. माझी ठिणगीसुद्धा फसली." त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते दारातून बाहेर पडले, आणि एकोणसाठ वर्षांचे माझे सासरे भर कारखान्यात पळत सुटले.

ट्रक फाटकाशी पोचला होता. मामंजी दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभे राहिले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "काय झालं नाकसाहेब? काही विसरलं का?"

"उतरव. पाचही पिंपं उतरव."

"अहो, आत्ताच तर तुम्ही खूण केलीत!"

"उलटी केली. माझं चुकलं." ते मोठ्यानं म्हणाले. जेवणाची सुट्टी होत आली होती, तारखात्यातले, रंगखात्यातले सगळे फाटकाशी जमले होते. "नितळ दिसलं म्हणून चांगलं म्हटलं. विष आहे त्यात. माझं चुकलं."

"नाकाला सर्दी झाली वाटतं!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"नाक शाबूत आहे," मामंजी म्हणाले. "अक्कल उलटी बसली होती. चला, हात लावा. आणि हातमोजे घाला आधी."

हशा थांबला. पिंपं उतरली. मामंजींनी स्वतःच्या रुमालानं बरोबरच्या पाच खुणा पुसल्या आणि फुल्या मारल्या. ट्रक त्या दिवशी निळ्या नळ्यांची बारा पिंपं घेऊन गेला.

त्या दिवशी आम्ही दोघं अर्धी रजा टाकून घरी आलो. मामंजी बूट न काढताच स्वयंपाकघरात गेले, मोठं घमेलं काढलं, पाणी गरम करत ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, काय चाललंय?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही आणि कोणावर ढकललंही नाही. सासूबाईंनी आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

वन्संना खुर्चीत बसवलं. समोरच्या पाटावर या वेळी मामंजी बसले. त्यांनी हातमोजे घातले नाहीत, मी म्हटलं तरी. साबण लावून, कोमट पाण्यानं, त्यांनी मुलीचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत धुतले. पाणी बदललं, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा पाणी बदललं तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले.

वन्सं पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "बाबा, लहानपणी चिखलात खेळून आले की मी म्हणायचे, पाय धुवा. तुम्ही म्हणायचात, एवढी घोडी झालीस, तू धू. आता बरे धुताय."

"तेव्हाचे राहिलेले धुतोय," मामंजी म्हणाले.

त्या रडता रडता हसल्या. सासूबाईही. त्या घरात कित्येक महिन्यांत कोणी इतक्या मोठ्यानं हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामंजी पिशवी घेऊन गल्लीत निघाले. मलाही बरोबर घेतलं, "खुर्च्यांचं तू सांग, मला नीट नाही जमत." अकरा घरं. प्रत्येक दारात ते तेच बोलले, "मी दिलेली बाटली परत न्यायला आलोय. त्यात विष आहे. मला माहीत नव्हतं." दोघांनी चहा पाजला, एकानं बाटली हातात आपटून तोंडावर दार लावलं, एकीनं विचारलं की मग माझी पाठ आता कोण बघणार. सर्वांत अवघड गेली ती समोरच्या घरातल्या, टोप्या विणणाऱ्या आजींची बाटली.

"बाटली नाही देत, जा," आजी म्हणाल्या. "माझे गुडघे त्या तेलावर चालतात."

"आजी, विष आहे हो."

"मी ब्याऐंशीची आहे. विषाला घाई करायला लागेल."

"तुमच्यासाठी नाही मागत. तुम्ही नातवंडांना मांडीवर घेता. त्यांच्यासाठी द्या."

आजींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग आत गेल्या आणि बाटली आणून दिली. म्हणाल्या, "दिलेलं परत मागायला आलास, लाज नाही वाटली?"

"वाटली की."

"तरी आलास. बस, कॉफी करते."

अकरा बाटल्या आणि निळा डबा पाच पिंपांसोबत मोठ्या उष्णतेच्या भट्टीत जाळायला गेला. ते रसायन साध्या आगीत जळत नाही, त्याला खास भट्टी लागते, हे मला तेव्हाच कळलं.

ससेवाल्या बाई शब्दाला जागल्या. आठवड्याच्या आत आल्या, वन्संचं, सासूबाईंचं, मामंजींचं आणि माझं रक्त घेऊन गेल्या. उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत सासूबाईंनी सहा स्वेटर विणले आणि पाच उसवले. उत्तर घेऊन बाई स्वतः आल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "आहे. सगळ्यांच्यात आहे. काकांच्यात सगळ्यांत जास्त, ताईंच्यात सगळ्यांत कमी. आणखी दोन महिने लावत राहिला असतात तर मला आज इतकं निर्धास्त बोलता आलं नसतं. डॉक्टरांशी बोलले मी. बाळाकडे लक्ष ठेवू, पण घाबरून बसू नका. आणि अंगावर पाजा, खुशाल पाजा."

बाळ दिवस भरल्यावर झालं. मुलगी. वजन थोडं कमी, आवाज भरपूर.

ती तीन महिन्यांची झाली तेव्हा मामंजी ससेवाल्या बाईंना म्हणाले, "मला तो ससा भेटवा." बाईंना वाटलं थट्टा आहे. पण ते खरंच संस्थेत गेले, मी बरोबर होते. नवा शर्ट घातलेला, हातात गाजरांची जुडी. स्वच्छ, उजेडाची खोली, पिंजऱ्यांची रांग. बाईंनी एक पांढरा, जाडजूड ससा दाखवला.

"हाच का तो?"

"त्याच घराण्यातला. त्याचा भाचा समजा."

मामंजींनी टोपी काढली आणि पिंजऱ्यासमोर उभे राहिले. काहीतरी बोलायचं ठरवून आले असावेत. शेवटी म्हणाले, "नात झाली. सव्वा पाच किलोची आहे आता." सशानं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. "साहेबच आहे," मामंजी म्हणाले आणि जाळीतून एकेक गाजर आत सोडलं.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे.

मामंजी पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. जाण्याआधी खिडकीवरचं वर्तमानपत्र त्यांनी स्वतः खरवडून काढलं आणि काच पुसून दिली. नंतर अठरा वर्षं जगले. शेवटी यकृतानं दगा दिला. तेलामुळे की वयामुळे, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि मामंजींनीही कधी विचारलं नाही.

सासूबाई नव्वदीपर्यंत होत्या. गुडघे शेवटपर्यंत दुखत. नुसत्या कोरड्या हातानं चोळायच्या आणि म्हणायच्या, "त्या तेलाची सर नाही." मग स्वतःच जीभ चावायच्या.

माझे यजमान निवृत्त होऊन घरी बसले, रस्ते मोजायचे थांबले. आता माझी औषधं मोजतात.

टोप्या विणणाऱ्या आजी चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. विषाला खरंच घाई करायला लागली असती.

ट्रकच्या ड्रायव्हरनं पुढे स्वतःचे दोन ट्रक घेतले. रस्त्यात भेटला की अजून विचारतो, "उतरवू का?"

ससेवाल्या बाई आणि मी दर महिन्याला फोनवर बोलतो. लाइन आता तुटत नाही, पण आम्हां दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं तेवढंच होतं. त्यांचं नाव माझ्या फोनमध्ये अजून 'ससा' म्हणूनच आहे.

वन्संचं रक्त सात वर्षं तपासलं. दर खेपेला आकडा थोडा खाली यायचा. त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. जहाजावरचा नवरा किनाऱ्याला लागला आणि त्यानं दाराबाहेर टोमॅटो लावलेत.

ती मुलगी पोहायला शिकवते. उंच आहे, खांदे रुंद, आवाज अजून भरपूर. दर रविवारी ओल्या केसांनी माझ्याकडे येते, पाय टेबलावर टाकते आणि म्हणते, "मामी, काहीतरी खायला दे." मी तिच्या पायांकडे बघत राहते. ती विचारते, "काय बघतेस?" मी म्हणते, "काही नाही, पाय खाली घे."

आणि ससा. त्या भाच्याला संस्थेनं पुढे कामातून मोकळं केलं. बाई त्याला घरी घेऊन गेल्या. तो होता तोवर मामंजी दर तीन-चार महिन्यांनी गाजरं घेऊन बाईंकडे जात. त्यानं त्यांच्याकडे कधीच नीट तोंड केलं नाही. एका थंडीत तो म्हातारपणानं गेला. फोन आला तेव्हा मामंजी भाजी निवडत होते. त्यांनी पिशवीतली गाजरं काढून वेगळी ठेवली, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी गाजर खाल्लं नाही.